ॲनीचा स्कर्ट आणि माझी शॉर्ट

आमच्या गावातल्या आम्ही पाच जणी रोज पहाटे सायकल चालवतो. वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी मारायची आणि साडेसहाच्या आत घरी, कारण मग डबे, शाळा, नोकरी हे सगळं आहेच. गेल्या वर्षी मात्र आम्ही ठरवलं, एकदा तरी शंभर किलोमीटर करायचेच. लेकाने हौसेने मला सायकलची खास शॉर्ट आणून दिली. चांगली महागातली. खांद्यावरून पट्टे, बुडाखाली जाड पॅड. कमरेला इलॅस्टिक नाही, त्यामुळे कितीही वाकलं तरी पोटात काचत नाही. चालवायला इतकी सुखाची की काय सांगू!

पण चाळिसाव्या किलोमीटरला जायची वेळ आली. रस्त्याकडेच्या एका स्वच्छतागृहात, कडी न लागणाऱ्या दाराला एक पाय लावून, मी आधी अंगातला टी-शर्ट काढला. मग दोन्ही पट्टे उतरवले. मग घामाने चिकटलेली शॉर्ट खाली... जाऊ दे, तुम्हाला कळलंच असेल. बाहेर आले ती ठरवूनच, की आता घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पुढे साठ किलोमीटर, मार्चचं ऊन, आणि बाटली भरलेली तशीच. दोन दिवसांनी जळजळ, थंडी वाजून ताप, दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी औषध थोडं दिलं, बोलणी भरपूर.

एसटीने जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी तोडणाऱ्या बायका आपण. त्यामुळे माझ्या सासूबाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, ती शॉर्टही नको आणि ती सायकलही नको. खरं सांगते, मीही जवळजवळ तेच ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात अंथरुणावर पडल्या पडल्या ॲनी लंडनडेरीची गोष्ट वाचली. सायकल घेऊन जगाच्या फेरीवर निघालेली ही बाई अमेरिकेतली. तिच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त कशाने धरून ठेवलं असेल, तर तिच्या कपड्यांनी.

तिचं खरं नाव ॲनी कोहेन कोपचॉव्स्की. जन्म १८७० च्या आसपास लॅटव्हियातला, ज्यू घरातला. लहानपणीच आईवडिलांबरोबर ती अमेरिकेत बोस्टनला आली. १८८७ मध्ये दोघेही गेले. पुढच्याच वर्षी तिचं मॅक्सशी लग्न झालं. तो फेरीवाला होता. एकामागून एक तीन मुलं झाली. ती वर्तमानपत्रांसाठी जाहिराती गोळा करायचं काम करायची. म्हणजे बघा, चाळीतल्या खोलीत राहून घर सांभाळणारी आणि चार पैसे मिळवणारी, आपल्यासारखीच कुणी.

अशी ही बाई जून १८९४ मध्ये सायकलवरून जगाची फेरी मारायला निघाली! दोन श्रीमंत माणसांनी पैज लावली आहे, असं ती सांगायची. पंधरा महिन्यांत फेरी पुरी करायची, वाटेत पाच हजार डॉलर कमवायचे, मग दहा हजारांचं बक्षीस. ही पैज बहुधा तिनेच रचलेली असावी, असं तिच्या नात्यातलेच चरित्रकार पीटर झ्युटलिन यांचं मत. त्यांचं पुस्तक २००७ मध्ये आलं. निघण्याआधी काही दिवस ती नीट सायकल चालवायला शिकली होती, एवढीच तयारी. लंडनडेरी नावाच्या झऱ्याचं पाणी विकणाऱ्या कंपनीने शंभर डॉलर दिले आणि तिने कंपनीची पाटी सायकलला लावली. वर आडनावही तेच घेतलं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायला कुणी पैसे देत नाही, हिने मात्र वसूल केले!

मुलांना घरी ठेवून गेली म्हणून तिला तेव्हाही नावं ठेवली गेली. मलाही ते वाचताना जरा खटकलंच. पण मॅक्सने घर सांभाळलं, आणि वर्तमानपत्रांत तिच्या गोष्टी छापून येत राहिल्या.

आता तिच्या कपड्यांचं. ती निघाली तेव्हा अंगात लांब स्कर्ट, आत परकर, कमरेला आवळलेली कॉर्सेट. सायकल बायकी, कोलंबिया कंपनीची, स्कर्ट अडकू नये म्हणून मधला दांडा खाली वळवलेली आणि वजनाला जवळजवळ एकोणीस किलो. म्हणजे आपला भरलेला गॅस सिलेंडर असतो ना, त्याहून दहाएक किलो कमी, एवढंच समाधान! वारा आला की स्कर्ट फुगून शिडासारखा मागे ओढणार. चिखल आला की घोळ जड होणार. साखळीची भीती वेगळीच. शिकागोला पोचायला तिला सप्टेंबरचा शेवट आला. वजन नऊ किलोने उतरलं होतं आणि हिवाळा तोंडावर. तिथे तिने फेरी सोडून द्यायचा विचार केला होता.

पण त्या स्कर्टचीही एक बाजू होती, आणि ती आपल्याच लक्षात येईल. त्या काळच्या पाश्चात्त्य बायकांच्या स्कर्टखालच्या चड्ड्या बहुतेक मधोमध उघड्याच शिवलेल्या असत. दोन पाय वेगळे, कमरेला एक पट्टी, बस्स. काहीही न सोडता, न काढता, बाईला स्कर्ट सावरून आडोशाला बसता यायचं. आपल्या आजीच्या नऊवारीसारखंच की! माझी आजी शेतात भांगलण करता करता बांधाआड जाऊन यायची, तिचा काष्टा तसाच्या तसा. म्हणजे जो कपडा सायकलवर छळत होता, तोच आडोशाला सोयीचा होता.

शिकागोत ॲनीने दोन्ही बदललं. स्टर्लिंग कंपनीची पुरुषी सायकल घेतली, वजन निम्मं, साधारण साडेनऊ किलो. तिला ब्रेक नव्हते, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. मधला दांडा आता आडवा होता, स्कर्ट शक्यच नव्हता. म्हणून तिने ब्लूमर चढवले. ब्लूमर म्हणजे घोट्याशी किंवा गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार. १८५१ च्या सुमाराला अमेलिया ब्लूमर या संपादिकेने तिचा पुरस्कार केला, म्हणून हे नाव. नंतर ॲनीने तेही सोडून सरळ पुरुषांचा सायकलचा सूट घातला. लोकांनी तोंडं वाकडी केली. तिने त्याच सूटवर जाहिराती लावून पैसे मिळवले!

आणि काम किती सोपं झालं! बोस्टनहून शिकागोला जायला उन्हाळा गेला होता. आता ती उलटी फिरली आणि नोव्हेंबर संपायच्या आत न्यूयॉर्कहून फ्रान्सच्या जहाजात बसलीसुद्धा. अर्थात बंद विजार आली म्हणजे आडोशाला बटणं सोडणं आलं. काहीतरी मिळवलं, काहीतरी गमावलं. तिने तिचा हिशोब केला आणि चाक निवडलं.

पुढची सफर मी भरभर सांगते, कारण तिथे सायकलपेक्षा जहाजच जास्त आहे. पॅरिसहून मार्सेयला ती जानेवारी १८९५ मध्ये पोचली. एका पायाला बँडेज, तो हँडलवर टाकलेला, आणि दुसऱ्या पायाने पेडल मारत! तिथून अलेक्झांड्रिया, कोलंबो, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग, शांघाय, जपान. भारतात आपण जर्मन राजघराण्यातल्या लोकांबरोबर वाघ मारले, असं ती नंतर व्याख्यानांत ठोकून द्यायची. ती थाप होती. मला तिचा राग नाही आला, कारण तिकिटं खपवायची होती आणि घर चालवायचं होतं. मार्चमध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. मग कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको. आयोवात डुकरांच्या कळपाला धडकून मनगट मोडलं. प्लास्टर घालून १२ सप्टेंबर १८९५ ला ती शिकागोला पोचली. त्यानंतर कुटुंब न्यूयॉर्कला गेलं, तिने काही काळ वर्तमानपत्रात लिहिलं, १८९७ मध्ये चौथं मूल झालं. पुढे तिने कपड्यांचाच छोटासा धंदा केला. १९४७ मध्ये ती गेली.

हे वाचून मी ती पट्ट्याची शॉर्ट पुन्हा बाहेर काढली. ती वाईट नव्हती. ती सगळी चाकाच्या बाजूची होती, आडोशाच्या बाजूचं तिच्यात काही नव्हतं. दुकानात आपण पॅड दाबून बघतो, कापड ताणून बघतो, पण ती खाली किती लवकर येते हे कुणी बघतं का?

आता मी कमरेची शॉर्ट वापरते. कमरपट्टा चार बोटं रुंद, मागून थोडा वर, नाडी नाही. रुंद पट्टा काचत नाही, अरुंद इलॅस्टिक वळी पाडतं. पॅड बायकांचं घ्या, आपली बसायची हाडं पुरुषांपेक्षा लांब असतात. फार जाड पॅड घाम धरून ठेवतं, मध्यम बरं. आत दुसरी चड्डी घालायची नाही, तिच्या शिवणीच घासतात. लाज वाटत असेल तर वरून मांडीपर्यंत सैल कुर्ता घाला. रस्त्याकडेला बसावं लागलं तर तोच पडदा होतो. आमच्यातल्या एकीला पट्टेच हवे होते, तिचं पोट दुखतं. तिने मागची बाजू सुटी होणारी घेतली, त्यात वरचं काही काढावं लागत नाही. फक्त ती चेन घामट हातांनी, न बघता, उघडते का आणि परत लागते का, हे घरी करून बघायचं. मी तर बाथरूमचा दिवा बंद करून बघितलं. सासूबाई बाहेरून विचारत होत्या, काय चाललंय म्हणून!

घरी आल्यावर शॉर्ट लगेच धुवायची, उलटी करून उन्हात वाळवायची. ओलसर पॅड दुसऱ्या दिवशी चढवलं की पुन्हा दवाखाना.

येत्या रविवारी आम्ही पाच जणी परत शंभरला निघतोय. थांबायच्या चार जागा आधी फोन करून विचारून ठेवल्यात, दाराला कडी आहे का हेसुद्धा. सायकलला दुसऱ्या बाटलीचा स्टँड कालच लावून घेतला.