वाल्टर ख्रिस्तालर : एका प्रबंधाचे भाग्य

भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गात केंद्रस्थान सिद्धांत शिकवताना फळ्यावर षट्कोनांची जाळी काढली जाते. त्या जाळीचा कर्ता वाल्टर ख्रिस्तालर. हे नाव विद्यार्थी पाठ करतात. त्यामागचा माणूस मात्र परीक्षेत सहसा विचारला जात नाही.

ख्रिस्तालरचा जन्म १८९३ साली जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट भागात झाला. वडील धर्मोपदेशक, तर आई हेलेने कादंबरीकार. पहिल्या महायुद्धाने त्याचे शिक्षण मोडले. तो लढला, जखमी झाला, आणि पुढची अनेक वर्षे नाना उद्योगांत गेली. अर्थशास्त्राची पदवी एर्लांगेन विद्यापीठात हाती पडली तेव्हा १९३० साल उजाडले होते. डॉक्टरेटसाठी मात्र हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी भूगोलाचे प्राध्यापक रॉबर्ट ग्राडमान यांच्याकडे गेला.

त्याचा प्रश्न साधा होता. काही गावे मोठी, काही लहान, असे का? आणि ती एकमेकांपासून अमुकच अंतरावर का वसतात? मिठासाठी माणूस दूर जाणार नाही, शस्त्रक्रियेसाठी जाईल. आणि पुरेसे गिऱ्हाईक नसेल तर दुकान टिकणार नाही. या दोन मर्यादांवर त्याने सारी इमारत उभी केली. सपाट प्रदेशात, सारख्या विखुरलेल्या वस्तीत, प्रत्येक बाजारगावाचे क्षेत्र षट्कोनी होईल. कारण वर्तुळे शेजारी मांडली तर मध्ये जागा उरते. सर्वात लहान बाजारगाव साधारण तासाभराच्या चालीवर, म्हणजे चारेक किलोमीटरवर हवे. त्यामुळे अशी दोन गावे सुमारे ७ किलोमीटर अंतरावर येतात. दक्षिण जर्मनीत हे ताडून पाहण्यासाठी त्याने गावोगावचे टेलिफोन मोजले. हे मोजमाप आज गमतीचे वाटेल. पण त्या काळी टेलिफोन असे तो बहुधा व्यापारी, डॉक्टर किंवा कचेरीकडेच. लोकसंख्येच्या मानाने जिथे टेलिफोन जास्त, ते गाव आसपासच्या मुलखासाठी राबते, हा त्याचा हिशेब होता.

प्रबंध १९३२ साली पूर्ण झाला आणि १९३३ मध्ये येना येथे छापला गेला. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. ख्रिस्तालर पूर्वी सोशल डेमोक्रॅटिक पक्षात होता. १९४० मध्ये तो नाझी पक्षात शिरला आणि हिमलरच्या अखत्यारीतील नियोजन कचेरीत कोनराड मायर यांच्या हाताखाली काम करू लागला. काम होते व्याप्त पोलंडमध्ये जर्मन वसाहतींची केंद्रे आखण्याचे. कागदावरच्या सिद्धांताला मोकळे, सपाट मैदान लागते. पोलंडचे मैदान सपाट होते, पण मोकळे नव्हते. तिथे पोलिश आणि ज्यू माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांना हाकलून आणि मारून ते मोकळे केले जात होते. एर्लांगेनमध्ये जे गृहीतक होते, ते इथे धोरण झाले. गावे अशी का वसली, हे सांगणारा माणूस आता ती कशी वसवावीत, हे सांगू लागला होता.

युद्धानंतर तो कम्युनिस्ट पक्षात गेला. विद्यापीठात प्राध्यापकाची जागा त्याला कधीच मिळाली नाही.

प्रबंधाचे भाग्य उजळले ते परदेशी. एडवर्ड अलमन यांनी १९४१ मध्येच अमेरिकेत त्याची ओळख करून दिली होती. पुढे १९५० च्या दशकात सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम गॅरिसन यांच्याभोवती जमलेल्या संशोधक विद्यार्थ्यांनी या सिद्धांताला संख्याशास्त्राची जोड दिली. त्यांपैकी ब्रायन बेरी यांनी गॅरिसन यांच्यासह १९५८ मध्ये स्नोहोमिश परगण्यातील गावांवर त्याची कसोटी घेतली. त्या मंडळींनी जाळीतले गणित उचलले. तिचा पोलंडमधला प्रवास चर्चेत आला नाही. इंग्रजी अनुवाद आला १९६६ साली. दोनच वर्षांनी स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने ख्रिस्तालरला मानद डॉक्टरेट दिली, आणि १९६९ मध्ये तो मरण पावला.

त्याच्या युद्धकाळातील कामाचा माग मेख्टिल्ड र्‍योस्लर या जर्मन संशोधिकेने घेतला. तिचा लेख १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ख्रिस्तालरला जाऊन वीस वर्षे झाली होती.