संतश्रेष्ठ नरहरी सोनार : मूर्ती अनेक, धातू एक

माघ वद्य तृतीया ही संत नरहरी महाराजांची पुण्यतिथी. त्या दिवशी आपले ज्ञातिबांधव ठिकठिकाणी महाराजांच्या प्रतिमेचे पूजन करितात. पूजनाबरोबर त्यांच्या चरित्राचे मर्मही घरच्या मुलाबाळांस कळावे, या हेतूने आम्ही हा अल्प लेख स्मरणिकेच्या वाचकांस सादर करीत आहोत.

नरहरी महाराज हे श्रीक्षेत्र पंढरपूरचे रहिवासी व संत नामदेवांचे समकालीन. व्यवसाय सोनारकीचा, उपासना शिवाची. शिवनिष्ठा इतकी कडवी की, विठ्ठलाच्या नगरीत राहूनही ते त्याच्या मंदिराची पायरी चढत नसत. पुढील कथा महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथामुळे महाराष्ट्रभर पोहोचली.

एका सावकाराने पुत्रप्राप्तीसाठी विठ्ठलास सुवर्णाचा करदोडा नवसला होता. नवस फळला, तेव्हा तो महाराजांकडे आला. महाराजांनी काम पत्करिले. मात्र मंदिरात न जाता केवळ माप मागविले. त्या मापाने केलेला करदोडा देवाच्या कमरेस बसेना. दुरुस्त केला, तरी तीच गत. अखेर महाराज डोळ्यांवर पट्टी बांधून मंदिरात गेले व हाताने माप घेऊ लागले. तो हातास पंचमुखे लागली, दशभुजा लागल्या, गळ्यातील सर्प व कटीचे व्याघ्रांबर लागले. आपलाच शंकर म्हणून त्यांनी हर्षाने पट्टी काढिली, तर समोर विटेवर विठ्ठल! पुन्हा पट्टी बांधिली, पुन्हा हातास शिवच लागला. तेव्हा त्यांचा भेदभाव गळून पडला, आणि करदोडाही नीट बसला.

ही कथा कारागिराची आहे, हे आम्हांस विशेष वाटते. डोळ्यांस जे दिसले नाही ते हातास कळले. देवाची ओळख मूर्तीवरील चिन्हांनी पटते: त्रिशूळ, जटा व नाग ही शिवाची, कटीवरील कर, मत्स्याकार कुंडले व पायांखालील वीट ही विठ्ठलाची. विठ्ठलाच्या उंच मुकुटास तर भाविक शिवलिंगच मानितात. चिन्हे वेगळी, देव एक, हे महाराजांनी स्पर्शाने जाणिले. पुढे आपल्या अभंगात त्यांनी देहाला बागेसरी, त्रिगुणांना मूस, विवेकाला हातोडा व ज्ञानाला ताजवा कल्पून सारे दुकानच परमार्थास लाविले. शके १२३५ मध्ये त्यांनी देह ठेविला, असे परंपरा मानते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगावास रजतनगरी म्हणतात. तेथील चांदीच्या मूर्ती व भांडी दूरवर जातात. देवघरातील टाकही आपल्याच हातचे. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यास उठाव आणावयाचा. एकाच मुशीतील चांदीतून एक पत्रा अश्वारूढ खंडोबा होतो, दुसरा महिषासुरास मारणारी भवानी. परंतु खंडोबाच्या हातचे खड्ग वा भवानीच्या पायांखालचा महिष अस्पष्ट राहिला, तर त्या कुळास आपले दैवत ओळखावे कसे? यंत्राचा ठसा झटपट पुष्कळ नग देतो. त्यावर बोट फिरवून चूक ओळखणारा हात मात्र माणसाचाच लागतो. तो हात पुढील पिढीत टिकावा, यासाठी वडीलधाऱ्यांनी मुलांस चिन्हांचा अर्थ शिकवावा, अशी आमची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सुचवितो. आपणांत लाड, अहिर, माळवी अशा शाखा आहेत, आणि सोयरीक जुळविताना पुष्कळ घरी प्रथम तीच चौकशी होते. ठसे निराळे असले तरी धातू एकच आहे, हे सोनारास दुसऱ्याने सांगावे लागू नये. ज्या महापुरुषास आपण सर्व शाखांचे लोक आपला म्हणतो, त्याच्या चरित्रातून एवढे जरी घेतले, तरी पुण्यतिथीचा उत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.