हॅरॉल्ड हार्ट मॅन
हॅरॉल्ड हार्ट मॅन (१८७२ – १९६१) हे इंग्रज कृषिरसायनशास्त्रज्ञ होते. दख्खनमधील खेड्यांची माती, जमीनधारणा आणि कुटुंबांचे उत्पन्न यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते.

त्यांचे लक्ष ग्रामीण दारिद्र्याकडेही वळले होते. राउंट्री यांनी यॉर्क शहरासाठी वापरलेली पाहणीची पद्धत त्यांनी बेडफर्डशायरमधील रिजमाँट या खेड्याला लावली. १९०० मध्ये ते चहा उत्पादकांच्या संघटनेचे वैज्ञानिक अधिकारी म्हणून भारतात आले. १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले.

== पिंपळे सौदागरची पाहणी ==
पवना नदीकाठच्या या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मातीच्या पृथक्करणाबरोबरच विहिरी, पिके, जनावरे, कर्ज आणि घरखर्च यांचीही नोंद आहे. मॅन यांनी जुन्या दप्तरांवरून धारणक्षेत्राचा इतिहास मांडला: १७७१ मध्ये सरासरी सुमारे ४० एकर असलेले क्षेत्र १९१४-१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आले होते. वाटणीच्या वेळी प्रत्येक वारसाला प्रत्येक शेतातील हिस्सा मिळत असल्याने ही जमीनही सलग नव्हती. एवढ्या तुकड्यांवर बैलजोडी पोसणे वा विहीर खणणे परवडत नसे. बहुतेक खातेदारांचा निर्वाह शेतीवर होत नव्हता आणि गावाबाहेरच्या मजुरीचा आधार घ्यावा लागे. शेतकऱ्याच्या दुरवस्थेचे खापर त्याच्या आळसावर वा उधळेपणावर फोडणाऱ्या तत्कालीन मताला या आकड्यांनी चांगलाच छेद दिला.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी हे आकडे पुढे साऱ्या भारताचे चित्र म्हणून वापरले. एका गावाच्या पाहणीवर एवढा भार टाकणे योग्य नव्हते. स्वतः मॅन यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक हे अनिश्चित पावसाचे कोरडवाहू गाव दुसऱ्या अभ्यासासाठी निवडले (१९२१). तेथे कर्जबाजारीपणा अधिकच तीव्र आढळला. कानिटकर पुढे सोलापूर भागातील कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी ओळखले गेले.

== उत्तरायुष्य ==
१९२७ मध्ये निवृत्त होऊन मॅन इंग्लंडमधील वोबर्न प्रयोगक्षेत्रावर रुजू झाले, तरी दख्खनचा विषय सुटला नाही. १८६५ ते १९३८ या काळातील तेथील पाऊस व दुष्काळ यांवरचा त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. दरम्यान, १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत असून तेथील शेतांच्या जागी गृहसंकुले उभी आहेत. मॅन यांचे निवडक लेख डॅनियल थॉर्नर यांनी १९६७ मध्ये संपादित केले.