कर्नल जॉन पॉल स्टॅप

मोटारींच्या शर्यतीत उतरणारा चालक सहा पट्ट्यांनी आसनाशी जखडलेला असतो, हे आमच्या पुष्कळ वाचकांनी चित्रांतून पाहिले असेल. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून व दोन मांड्यांमधून येऊन एकाच बकलात अडकतात. हे पट्टे कोठे व कशास बांधावेत, या ज्ञानाचा मोठा भाग ज्यांनी स्वतःचा देह पणास लावून मिळविला, त्या डॉक्टरांचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जॉन पॉल स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझील देशातील बाहिया प्रांती झाला. त्यांचे आईबाप अमेरिकेतून तेथे गेलेले बॅप्टिस्ट मिशनरी होत. १९२८ च्या नाताळात नात्यातील एक तान्हे मूल शेगडीच्या विस्तवात भाजले व शुश्रूषा करूनही वाचले नाही. त्या दुःखात जॉन यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. परंतु घरी पैसा नव्हता. आधी प्राणिशास्त्र, मग शिक्षकाची नोकरी, मग १९४० साली जीवभौतिकीची डॉक्टरेट, अशी वळणे घेत १९४४ साली ते वैद्यकीची पदवी मिळवून सैन्यात दाखल झाले.

त्या काळी विद्वानांचा समज असा की, एकाएकी थांबताना स्वतःच्या वजनाच्या अठरा पट भार अंगावर आला की मनुष्य मेलाच. मग आसने व पट्टे त्याहून बळकट करून उपयोग काय? स्टॅप यांस हे पटेना. वैमानिक मरतो तो धक्क्याने नव्हे, तर आसन उखडल्याने अथवा पट्टा सुटल्याने, अशी त्यांस शंका होती. १९४७ साली कॅलिफोर्नियातील म्युरॉक येथे रुळांवरून रॉकेटने धावणारी गाडी सिद्ध झाली. प्रथम तीवर एक पुतळा बसवीत. एकदा हलक्या पट्ट्याने बांधलेला तो पुतळा गाडी थांबताच समोरील फळी फोडून कित्येकशे फूट दूर जाऊन पडला. त्यानंतरही त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी स्टॅप स्वतः गाडीवर बसले! दुसऱ्यास पाठविण्यापूर्वी आपण जावे, ही त्यांची रीत आम्हांस विशेष वाटते.

या फेऱ्यांत त्यांचे मनगट दोनदा मोडले व बरगड्यांस तडे गेले; पण त्यांच्या देहाने पट्ट्यांची विद्या शिकविली. कमरपट्टा पोटाच्या मऊ भागावर असेल तर तो आतड्यांत रुततो. तो कटीच्या हाडांवरच हवा. खांद्यांचे पट्टे ताणले की कमरपट्टा वर सरकतो. त्यास खाली धरून ठेवण्यासाठी मांड्यांवरून उलट्या व्ही अक्षरासारखे पट्टे जोडण्यात आले. शर्यतीच्या मोटारीतील मांड्यांमधील पट्टे तेच काम करितात.

बांधण्याची जागा ही तितकीच महत्त्वाची. सत्तर किलो वजनाच्या मनुष्यावर चाळीस पट भार आला, तर पट्ट्यांना अठ्ठावीसशे किलोंचा हिसका बसतो. आतील गाद्या व अस्तरे काढून हलकी केलेल्या मोटारीत तळाचा नुसता पत्रा उरतो. त्यास भोक पाडून बोल्ट आवळला तर तो पत्र्यासकट उपटून येईल. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेच्या नियमांत पत्र्यामागे निदान तीन मिलिमीटर जाड व चाळीस चौरस सेंटिमीटर क्षेत्राची पोलादी पट्टी सांगितली आहे. खांद्यांचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जावेत; ते सरळ खाली जमिनीस बांधले तर धक्क्याच्या वेळी खांदे खाली ओढले जाऊन पाठीचा कणा दबतो. यास्तव ते बहुधा पोलादी पिंजऱ्याच्या आडव्या नळीस बांधितात. पिंजराही हवाच, कारण असा जखडलेला चालक मोटार उलटून छप्पर दबले तर वाकू शकत नाही.

१० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन येथे स्टॅप यांची शेवटची फेरी झाली. पाच सेकंदांत गाडीने ताशी ६३२ मैलांचा वेग गाठला व सुमारे सव्वा सेकंदात ती थांबली. भार सेहेचाळीस पटींहून अधिक! डोळ्यांत रक्त उतरून त्यांस काही काळ दिसेनासे झाले. आपण अंध झालो असे त्यांस वाटले, परंतु दृष्टी परत आली.

पुढे त्यांच्या ध्यानी आले की, वायुसेनेचे लोक विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत अधिक मरतात. तेव्हा १९५५ साली त्यांनी हॉलोमन येथे मोटार अपघातांविषयी परिषद भरविली. तीच पुढे त्यांच्या नावाने दरवर्षी भरू लागली. अमेरिकेत १९६६ साली वाहनसुरक्षेचे कायदे झाले व नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले, त्यामागे त्यांचा सततचा आग्रह होता. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी हॉलोमनजवळील आलामोगोर्डो गावी, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते आपल्या घरी शांतपणे वारले.