घनाकृतींना संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट

संगणकाच्या पडद्यावर आज कोणीही एखादा घन उभा करतो, त्याचे कोपरे छाटतो, पृष्ठांवर सुळके चढवितो आणि तयार झालेली चमत्कारिक आकृती हवी तशी फिरवून पाहतो. ही सोय स्वप्नातही नव्हती, त्या काळी केवळ सपाट कागदावरील रेषांच्या आधाराने घनाकृतींचे ग्रीक शास्त्र संस्कृतात उतरविले ते एका महाराष्ट्रीय पंडिताने. जगन्नाथ सम्राट हे त्यांचे नाव. आमेरचे राजे सवाई जयसिंग यांचे ते आश्रित.

ते राजस्थानात कसे पोहोचले, याची एक आख्यायिका आहे. शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या जयसिंगाने या तरुण वेदपारंगत ब्राह्मणाला आपल्याबरोबर नेले, असे सुधाकर द्विवेदी यांनी नोंदविले आहे. परंतु ती स्वारी मिर्झाराजे जयसिंगांची. पुरंदरचा तह १६६५चा. मालवणच्या कुरटे बेटावर तेव्हा सिंधुदुर्गाचे बांधकाम चालू होते. मिर्झाराजे १६६७ मध्ये वारले आणि सवाई जयसिंगांचा जन्म १६८८चा! दोन जयसिंगांची ही गल्लत उघड आहे. मात्र सवाई जयसिंगही १७०२ मध्ये विशाळगडाच्या वेढ्यात होते, हे विसरता येत नाही.

जयसिंगांना ग्रहगणिताचे वेड होते. अरबी ग्रंथ समजून घेतल्याखेरीज ते पुढे जाणार नव्हते. जगन्नाथपंडितांनी अरबी व फारसी आत्मसात केली आणि १७१८च्या सुमारास ‘रेखागणित’ सिद्ध केले. युक्लिडच्या भूमितीचा नसिरुद्दीन तुसी यांनी तेराव्या शतकात केलेला अरबी अवतार हा त्याचा आधार. पंधरा अध्याय, सुमारे पावणेपाचशे प्रमेये.

अखेरचे पाच अध्याय घनाकृतींचे आहेत, आणि खरी कसोटी तेथे होती. चार त्रिकोणांच्या सूचीचे घनफळ आर्यभटांनी तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची याच्या निम्मे सांगितले होते. ते चुकीचे होते. ब्रह्मगुप्तांनी योग्य असा एकतृतीयांश दिला. बाराव्या अध्यायात तो एकतृतीयांश पायरीपायरीने सिद्ध केलेला आहे. तेराव्यात एकाच गोलात बसणाऱ्या पाच सम घनाकृती येतात: चार, आठ व वीस समभुज त्रिकोणांच्या तीन, सहा चौरसांची एक आणि बारा पंचकोनांची एक. पाचच का? एका शिरोबिंदूपाशी भिडणाऱ्या कोनांची बेरीज ३६० अंशांहून कमी हवी. तीन षट्कोन जुळविले की बेरीज बरोबर ३६० होते आणि आकृती उभी न राहता फरशीसारखी पसरते. पंधराव्यात एका आकृतीच्या पोटात दुसरी बसविण्याची करामत आहे. घनाच्या सहा पृष्ठांचे मध्यबिंदू जोडले की आठ त्रिकोणांची आकृती मिळते, अगदी घनाच्या एकषष्ठांश आकारमानाची. हे सारे मनातल्या मनात फिरवून पाहायचे!

युरोपात केप्लरने १६१९ मध्येच तारकाकृती बहुपृष्ठकांचे वर्णन केले होते, पण ती वार्ता तुसींच्या ग्रंथात असणे शक्य नव्हते.

या कार्याला एक गालबोट लावले जाते. ग्रंथारंभी पंडित सांगतात की हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला दिले, पुढे ते खंडित झाले आणि जयसिंगांच्या आज्ञेने आपण ते पुन्हा प्रकाशात आणले. युक्लिड नाही, तुसी नाहीत. याला लबाडी म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. टॉलेमीच्या ग्रंथावरून रचलेल्या ‘सम्राट्सिद्धान्ता’त मूळ ‘मिजास्ती’ हा ग्रंथ अरबी असल्याचे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. परकी विद्या काशीच्या शास्त्र्यांच्या गळी उतरवायची, तर विश्वकर्म्याची साक्ष उपयोगी पडली असणार. तरीही तुसींचे नाव तेथे हवे होते.

जयसिंग १७४३ मध्ये गेले आणि वेधशाळांमागचा राजाश्रय आटला. ‘रेखागणित’ पुढे दीडशे वर्षे बहुतांशी हस्तलिखितांतूनच फिरत राहिले. हरिलाल ध्रुव यांनी त्याचे संपादन हाती घेतले, पण १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले. कमलाशंकर त्रिवेदी यांनी ते पूर्णत्वास नेले आणि १९०१-०२ मध्ये मुंबईच्या सरकारी संस्कृत ग्रंथमालेत पंधराही अध्याय दोन खंडांत छापून निघाले.