श्री संत गजानन महाराज : चरित्र व आचारबोध

विदर्भाची पंढरी म्हणून महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेरही ओळखली जाणारी शेगाव नगरी ही बुलढाणा जिल्ह्यातील एक पुण्यभूमी होय. मुंबई–नागपूर लोहमार्गावर वसलेले हे गाव शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. त्या काळी ते अकोला जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यात मोडत असे. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा खामगाव तालुक्यासह शेगावही बुलढाणा जिल्ह्यात आले. कापसाच्या या बाजारपेठेला तीर्थक्षेत्राचे माहात्म्य लाभले ते श्री संत गजानन महाराजांच्या बत्तीस वर्षांच्या वास्तव्यामुळे.

श्रींचा जन्म कोठे झाला, त्यांचे माता-पिता कोण, गुरू कोण, याविषयी निश्चित माहिती उपलब्ध नाही. श्रींनी ती कधी सांगितली नाही आणि भक्तांनीही तिचा फार शोध घेतला नाही. त्यांचे चरित्र सुरू होते ते माघ वद्य सप्तमीपासून, म्हणजे २३ फेब्रुवारी १८७८ या दिवसापासून. संतकवी श्री दासगणू महाराज यांनी १९३९ साली एकवीस अध्यायांच्या ‘श्री गजानन विजय’ या ग्रंथात हे चरित्र ओवीबद्ध केले. पुढील प्रसंग त्या ग्रंथाच्या व भक्तपरंपरेच्या आधारे दिले आहेत.

त्या दिवशी शेगावात देविदास पातुरकर यांच्या घरी मुलाच्या ऋतुशांतीनिमित्त भोजनाच्या पंक्ती उठल्या होत्या. उष्ट्या पत्रावळी घराबाहेर टाकलेल्या होत्या. एक तरुण, तेजस्वी, जवळजवळ दिगंबर पुरुष तेथे बसून पत्रावळीला चिकटलेली भाताची शिते एकेक वेचून मुखात घालीत होता. रस्त्याने जाणाऱ्या बंकटलाल अगरवाल व दामोदरपंत कुळकर्णी या दोघांनी हे दृश्य पाहिले. हा वेडा असता तर शिते इतक्या निगुतीने वेचता ना, आणि केवळ भुकेलेला असता तर दारात उभा राहून मागून घेता, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी ताजे अन्न वाढवून आणविले. त्या पुरुषाने गोडधोड व तिखट सारे एकत्र कालवून सेवन केले, आणि पिण्याचे पाणी येईपर्यंत न थांबता गुराढोरांसाठी भरलेल्या हौदातले पाणी पिऊन घेतले.

या प्रसंगाकडे पुष्कळदा केवळ अवधूताची लीला म्हणून पाहिले जाते. परंतु काळही ध्यानात घ्यावा. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिण भारतात व दख्खनेत भीषण दुष्काळ पडला होता आणि लाखो माणसे अन्नावाचून मृत्यू पावली होती. अशा दिवसांत पंक्तीतून अन्न टाकले जात होते. श्रींनी त्यावर कोणाला उपदेश केला नाही, दूषण दिले नाही. टाकलेले शित उचलून खाल्ले, एवढेच. त्यांच्या हयातीतच, १८९९–१९०० साली वऱ्हाडानेही दुष्काळाचे उग्र रूप पाहिले. शेगावच्या महाप्रसादात पानात काहीही टाकू नये असा जो दंडक भाविक पाळतात, त्याचा उगम या पहिल्या दर्शनात शोधता येतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. श्री स्वतः कोणत्याही बाह्य नियमाने बांधलेले नव्हते. स्नान, वस्त्र, भोजनाची वेळ, सोवळेओवळे यांतील कशाचेही बंधन त्यांना नव्हते. काशीहून आलेल्या एका गोसाव्याचा नवस पुरा करण्यासाठी त्यांनी चिलीम स्वीकारली आणि पुढे ती त्यांच्यापाशी कायम राहिली. कमलपत्रावर पाणी राहावे तसे ते त्या गोष्टीपासून अलिप्त होते, असे ग्रंथकार सांगतात. म्हणून चिलमीचा दाखला देऊन कोणी आपल्या व्यसनाचे समर्थन करू लागल्यास तो श्रींच्या नावाचा दुरुपयोग होय. तंबाखू असो वा गांजा, सामान्य माणसाचे शरीर व संसार दोन्ही त्याने पोखरले जातात. स्वतः नियमातीत असलेल्या या सत्पुरुषाने शरण आलेल्या प्रत्येकाला मात्र कोणत्या ना कोणत्या नियमाला बांधून दिले, हे त्यांच्या चरित्राचे खरे वैशिष्ट्य आहे.

अकोली गावच्या भास्कर पाटलांचा प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. भर उन्हाळ्यात श्री त्यांच्या शेतात गेले व प्यावयास पाणी मागितले. भास्करांनी ते दूरवरून डोक्यावर वाहून आणले होते. धडधाकट असून काम न करणाऱ्यास पाणी देणे हा धर्म नव्हे, असे म्हणून त्यांनी नकार दिला. भास्करांचे म्हणणे सर्वस्वी अनाठायी होते असे नाही. कष्टकऱ्याला आयतेपणाची चीड येतेच. परंतु तहानलेल्यास पाणी देताना त्याच्या योग्यतेची चौकशी करावयाची नसते. श्री काही न बोलता जवळच्या एका कोरड्या विहिरीपाशी जाऊन ध्यानस्थ बसले आणि बारा वर्षे कोरड्या पडलेल्या त्या विहिरीस पाणी लागले, असे ग्रंथात वर्णन आहे. भास्कर पाटील शरण आले व अखेरपर्यंत श्रींच्या सेवेत राहिले. वऱ्हाडातील उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना गावोगावच्या पाणपोयांचे मोल वेगळे सांगावयास नको.

याहून अधिक विस्ताराने सांगावा असा प्रसंग मेहकर तालुक्यातील बंडूतात्या यांचा आहे, कारण त्याचा संबंध या जिल्ह्याच्या आजच्या जीवनाशीही येतो. बंडूतात्या सदाचरणी व अतिशय उदार गृहस्थ होते. दारी आलेला अतिथी विन्मुख जाऊ नये म्हणून ते ऐपतीबाहेर खर्च करीत. हळूहळू जमीन गहाण पडली, दागिने गेले, भांडीकुंडीही विकली गेली. सावकारांचे तगादे सुरू झाले आणि घरातील माणसेही टाकून बोलू लागली. गावात तोंड दाखविणे अशक्य झाले तेव्हा त्यांनी अंगाला राख फासली आणि हिमालयात जाऊन देहाचा अंत करावा या निश्चयाने ते घराबाहेर पडले. हरिद्वारचे तिकीट काढण्यासाठी स्थानकावर आले असता एका ब्राह्मणाने त्यांना आधी शेगावी जाऊन श्रींचे दर्शन घेण्यास सुचविले. ते शेगावी आले. न सांगताच श्रींनी त्यांच्या मनातील हेतू ओळखला, जीव देण्याच्या विचारापासून त्यांना परावृत्त केले आणि गावी परत जाऊन आपल्या मळ्यातील बाभळीखाली खणण्यास सांगितले. तेथे सुवर्णमुद्रांनी भरलेले एक भांडे मिळाले. बंडूतात्यांनी प्रथम सर्व कर्ज फेडले व गहाण जमीन सोडविली.

साधारणपणे कथेकरी येथे थांबतात. परंतु खरा उपदेश यानंतर आहे. ऋणमुक्त झालेले बंडूतात्या आनंदाने शेगावी आले, तेव्हा श्रींनी त्यांचे कौतुक केले नाही; उलट अमर्याद खर्चाबद्दल कान उघाडणी केली. दानधर्मही हात राखून करावा, उधळेपणा हा पुण्याचा मार्ग नव्हे, संकटात धनको अथवा आप्तस्वकीय कोणी धावून येत नाहीत, अशा आशयाचा बोध त्यांनी केला. मेजवान्या, लग्नकार्ये, मानपान व समारंभ यांपायी पिढीजात शेत गमावलेली घरे वऱ्हाडात त्या काळीही होती. पुढच्या काळात नापिकी, पडलेले भाव व कर्ज यांचा भार असह्य होऊन विदर्भातील अनेक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले. २००६ साली केंद्र शासनाने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत बुलढाणा जिल्ह्याचा समावेश होता. शेतकऱ्याचे कर्ज हे बहुधा उधळेपणातून येत नाही, पाऊस व बाजार यांच्या लहरीतून येते. तेव्हा बंडूतात्यांची कथा सांगून कोणास दोष देणे योग्य ठरणार नाही. भूमीतून निघालेले धन हा त्या कथेतील एक भाग झाला. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाला कोणीतरी स्थानकावर अडविले, त्याची विचारपूस केली व योग्य ठिकाणी पाठविले, हा दुसरा भाग. त्या ब्राह्मणाने केलेले काम कोणत्याही गावातील कोणीही माणूस करू शकतो.

आरोग्याविषयीचे प्रसंगही श्रींच्या चरित्रात अनेक आहेत. शेगोकर आडनावाचे तुकाराम नावाचे एक गरीब शेतकरी रोज दर्शनास येत असत. एके दिवशी शेतात असताना एका शिकाऱ्याच्या बंदुकीचा छर्रा त्यांच्या कानामागे घुसला. डॉक्टरांना तो काढता आला नाही. वेदनांनी झोप उडाली, नवससायास झाले, परंतु गुण येईना. तेव्हा मठाचे आवार नित्य झाडण्याची सेवा करावी, असे एका भक्ताने त्यांना सुचविले. तुकारामांनी ती सेवा पत्करली. एक दिवस नव्हे, एक वर्ष नव्हे, चौदा वर्षे त्यांनी खंड न पडू देता मठ झाडला. चौदाव्या वर्षी झाडता झाडता तो छर्रा कानातून आपोआप बाहेर पडला, असे दासगणू महाराजांनी वर्णिले आहे. छर्रा निघाल्यावरही तुकारामांनी हाती धरलेला झाडू खाली ठेवला नाही. आजार असता वैद्याकडे जावयाचे नाही, असा या कथेचा अर्थ कोणी करू नये; तुकाराम आधी डॉक्टरांकडेच गेले होते.

सवडद गावचे गंगाभारती गोसावी यांना महारोग झाला होता. अंगाला दुर्गंधी येई, म्हणून दर्शनास येणारे लोक त्यांना श्रींच्या जवळ जाऊ देत नसत. श्रींनी मात्र त्यांना दूर लोटले नाही; जवळ राहू दिले आणि भजनाची सेवा दिली. त्यांचा आवाज गोड होता, त्यामुळे आधी नाके मुरडणारे लोक त्यांच्या भजनाला बसू लागले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि वेळीच उपचार सुरू केल्यास व्यंगही टळते. रोग्यास लपवून ठेवणे वा घराबाहेर काढणे मात्र पुष्कळ ठिकाणी अद्याप सुटलेले नाही.

पंढरीच्या वारीतील प्रसंग तर प्रत्येक यात्रेकरूने वाचावा. श्री भक्तांसह पंढरपुरास गेले असता कवठे बहादूर येथील एका वारकऱ्यास पटकी झाली. पटकी म्हणजे कॉलरा. हातापायात गोळे येऊन तो निपचित पडला. सोबतचे लोक भयाने त्याला तेथेच टाकून निघण्याच्या बेतात होते. श्रींनी त्याचा हात धरला, त्याला धीर दिला व बरोबर घेतले. त्या शतकात यात्रा व पटकी यांचे जणू नातेच जडले होते. दूषित पाण्यावाटे पसरणाऱ्या या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात निश्चितपणे दाखवून दिला, तरी ते ज्ञान वारकऱ्यांपर्यंत पोहोचावयास फार काळ लागला. उकळलेले वा शुद्ध केलेले पाणी पिणे, जेवणापूर्वी हात धुणे, उघड्यावर शौचास न बसणे आणि जुलाब होताच जलसंजीवनी देत रुग्णास दवाखान्यात नेणे, एवढ्या साध्या गोष्टींनी यात्रेतील कित्येक प्राण वाचले आहेत. सोबत्याला वाटेत टाकून पुढे न जाणे, ही त्यांच्याइतकीच मोलाची गोष्ट.

१९०८ साली अकोला येथे शिवजयंती उत्सवात लोकमान्य टिळक व श्री एकाच व्यासपीठावर होते, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी १२ सप्टेंबर रोजी, श्रींच्या हयातीतच संस्थानची स्थापना झाली. मठासाठी शासनाकडून जागा मिळाली होती. बांधकाम सुरू झाल्यावर गाड्यांतून रेती वाहिली जात असे. एकदा श्री रेतीच्या गाडीवर जाऊन बसले. तत्कालीन रूढीप्रमाणे अस्पृश्य मानला गेलेला गाडीवान संकोचून खाली उतरला. श्रींनी त्याला आपल्या जागी बसण्यास सांगितले. तो विनयाने पायीच चालत राहिला आणि बैल आपोआप नेमक्या जागी जाऊन थांबले. श्रींच्या समाधीची जागा तीच होय, असे मानले जाते. म्हणजे या भव्य मंदिराच्या स्थाननिश्चितीत पहिला मान रेती वाहणाऱ्या एका मजुराच्या गाडीकडे जातो.

भाद्रपद शुद्ध पंचमी, ऋषिपंचमीच्या दिवशी, ८ सप्टेंबर १९१० रोजी श्रींनी शेगाव येथे समाधी घेतली. त्यापूर्वी त्यांनी हरी पाटलांसह पंढरपुरास जाऊन विठ्ठलाचे दर्शन घेतले होते. वार्ता पसरताच वऱ्हाडातून हजारो लोक आले. रात्रभर दिंड्या व भजने चालली आणि मिरवणुकीनंतर पहाटे देह समाधिस्थानी नेण्यात आला.

श्रींनी मागे ग्रंथ ठेवला नाही. संस्थान मात्र वाढत गेले. दवाखाने, १९८३ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, भक्तनिवास व पंढरपूरची पायी वारी हे त्याचे विस्तार होत. दीर्घकाळ संस्थानची धुरा वाहणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी दिवंगत झाले. संस्थानचा चहासुद्धा ते घेत नसत, अशी त्यांची ख्याती होती. गावोगावचे सेवेकरी आपापली शेती व नोकरी सांभाळून ठरलेल्या पाळीने शेगावी येतात. कोणी पादत्राणे सांभाळतो, कोणी पंक्तीत वाढतो, आणि पहाटे मंदिराचे द्वार उघडण्यापूर्वी कोणीतरी ते आवार झाडून ठेवलेले असते.