ग्रेस हॉपर : संगणकाला माणसांची भाषा शिकवणाऱ्या बाई



संगणकाचे जनक कोण, हा प्रश्न सामान्यज्ञानात हमखास असतो आणि मुलं चार्ल्स बॅबेज सांगून मोकळी होतात. त्यापुढे सहसा कुणाचंच नाव येत नाही, बाईचं तर नाहीच. मग मुलींना वाटतं, कॉम्प्युटर हे मुलांचं काम. म्हणून आज ग्रेस हॉपर यांची ओळख करून देते.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला तिने घरातली एक-एक करत सात घड्याळं खोलून ठेवली. आईने तिचा उद्योग बंद केला नाही, फक्त यापुढे एकच घड्याळ खोलायचं असं ठरवून दिलं. (आपल्या घरी काय झालं असतं, बघा विचार करून!) पुढे सोळाव्या वर्षी व्हासर कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत ही हुशार मुलगी लॅटिनमध्ये नापास झाली आणि वर्षभर थांबली. नंतर १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. मिळवली. तोवर त्या व्हासरमध्येच गणित शिकवायला लागल्या होत्या. म्हणजे मुळात त्या आपल्याच पेशातल्या.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं. पण वय जास्त, वजन नियमापेक्षा कमी, आणि वर गणिताच्या प्राध्यापक म्हणून कॉलेजातच त्यांची जास्त गरज आहे असं सांगून नकार मिळाला. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. वजनासाठी खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. नेमणूक झाली हार्वर्ड विद्यापीठात, मार्क-१ या यंत्रावर. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन! आपल्या वर्गखोलीत ते मावलंही नसतं. कागदी पट्टीला भोकं पाडून त्याला सूचना द्यायच्या. या यंत्राची पाचशेहून जास्त पानांची माहितीपुस्तिका लिहून काढण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं.

इथे एक दुरुस्ती. 'बग' हा शब्द हॉपर यांनी शोधला असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. ते खरं नाही. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची. १९४७ मध्ये मार्क-२ या यंत्राच्या रिलेत खरंच एक पाखरू अडकलेलं सापडलं आणि ते नोंदवहीत चिकटवलं गेलं, एवढं खरं. हॉपर ही गोष्ट रंगवून सांगायच्या, म्हणून ती त्यांच्या नावावर पडली.

त्यांचं खरं मोठं काम वेगळंच आहे. तेव्हा प्रोग्राम लिहायचा म्हणजे नुसते आकडे. तेच-तेच तुकडे हाताने उतरवून काढायचे, आणि उतरवताना चुका ठरलेल्या. (फळ्यावरची गणितं वहीत उतरवताना मुलांचं होतं तसंच.) हॉपर यांनी विचार केला, हे उतरवण्याचं काम यंत्रालाच का देऊ नये? १९५२ मध्ये त्यांनी ए-० हा कंपायलर तयार केला. लोक म्हणायचे, संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम काय तयार करणार!

पण त्या तिथे थांबल्या नाहीत. गणितवाल्यांना चिन्हं चालतात. हिशेबनीस, कारकून यांना मात्र शब्दच हवेत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून इंग्रजी शब्दांत सूचना देता येतील अशी भाषा करायची. कंपनीने सुरुवातीला नाही म्हटलं. त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं, आणि त्यात त्याच सूचना फ्रेंच व जर्मनमध्येही चालवून दाखवल्या. वरिष्ठ उलट घाबरले, अमेरिकन यंत्राला फ्रेंच कशी कळेल म्हणून! यंत्राला कुठलीच भाषा कळत नाही, शब्दाला खूण म्हणून जोडून द्यावं लागतं, हे समजावण्यात त्यांचे बरेच दिवस गेले. यातूनच फ्लो-मॅटिक ही भाषा झाली आणि १९५९ नंतर तिच्या पायावर कोबॉल. कोबॉल एकट्या हॉपर यांची नव्हे. ती समितीने केली आणि त्या समितीच्या कामात जीन सॅमेट, बेटी होल्बर्टन अशा आणखी बायकाही होत्या. ही नावंही मुलींना सांगायला हवीत. बँकांचे कितीतरी व्यवहार आजही कोबॉलवर चालतात.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशनने संगणकशास्त्रासाठी पहिल्यांदाच एक पुरस्कार दिला. त्याचं नाव 'मॅन ऑफ द इयर'. आणि मिळाला हॉपर यांना! नाव ठरवताना बाई त्या जागी येईल असं कुणाच्या मनातही आलं नसावं.

नौदलाने १९६६ मध्ये त्यांना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने संपता संपेनात. शेवटी १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि लगेच दुसऱ्या कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. १९९४ पासून त्यांच्या नावाने संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांचं मोठं संमेलन भरतं, भारतातही भरतं. मुलगी इंजिनिअरिंगला असेल तर तिला जरूर सांगा.

त्यांच्या कार्यालयातलं घड्याळ उलटं फिरायचं. असंच चालत आलंय म्हणून असंच करायचं, या वृत्तीची त्यांना चीड होती. व्याख्यानाला जाताना त्या तारेचे तुकडे घेऊन जायच्या, प्रत्येकी जवळजवळ ३० सेंटिमीटर. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, प्रकाश तेवढंच अंतर जातो. सेनाधिकारी असो की विद्यार्थी, प्रत्येकाच्या हातात त्या एक तुकडा द्यायच्या.

जुन्या वायरचे असे तुकडे आपल्यालाही कापता येतात. मुलांच्या पट्टीएवढेच भरतात.